‘वय झालंय’ हे निदान नव्हे

ओपीडीत आजीला घेऊन आलेला मुलगा एक वाक्य हमखास बोलतो : ‘‘वयच झालंय तिचं, डॉक्टर.’’ तपासलं की कधी रक्तक्षय निघतो, कधी थायरॉइड, कधी नुसता मोतीबिंदू. उपचार झाले की तीच आजी पुन्हा हिंडू-फिरू लागते. म्हणून ‘वय झालंय’ हे निदान नव्हे, असं मी माझ्या शिकाऊ डॉक्टरांना कायम सांगत आलो.

तीन वर्षांपूर्वी तेच वाक्य मी स्वतः बोललो. रुग्णालयाच्या फाटकाशी कुणीतरी गळ्यात पट्टा असलेली लॅब्रॅडोर कुत्री सोडून गेलं होतं. तोंड पांढरं झालेलं, वय अंदाजे दहा. चौकशी करूनही कुणी आलं नाही, तेव्हा आम्ही तिला घरी आणलं. काही महिन्यांनी ती जिना चढेनाशी झाली, जेवण अर्धवट टाकू लागली, दिवसभर झोपून राहू लागली. ‘‘वय झालंय,’’ मी म्हणालो. दोन महिन्यांनी बायकोने हट्टाने पशुवैद्यांकडे नेलं. खुब्याचा सांधा झिजलेला होता आणि एका दाढेच्या मुळाशी पू होता. दाढ काढली, वेदनाशामक सुरू झालं, वजन उतरवलं. महिन्याभरात ती संध्याकाळी माझी वाट पाहत पुन्हा फाटकाशी उभी राहू लागली. डॉक्टरच्या घरात ती दोन महिने दुखणं सोसत होती, हे मला आजही टोचतं.

कुत्रं विव्हळत नाही म्हणजे त्याला दुखत नाही, असं नव्हे. उठायला वेळ लागणं, एकाच बाजूने चावणं, चिडचिड करणं ही दुखण्याचीच भाषा. पाणी एकाएकी जास्त पिणं, घरात लघवी होणं हा खोडसाळपणा नसतो. मधुमेह किंवा मूत्रपिंडाचा विकार असू शकतो. रात्री उगाच येरझारा घालणं, ओळखीच्या कोपऱ्यात अडकून पडणं हे माणसातल्या स्मृतिभ्रंशासारख्या आजाराचं लक्षण असू शकतं. म्हाताऱ्या कुत्र्याची वर्षातून दोनदा तपासणी करावी. गुळगुळीत फरशीवर सतरंजी टाकावी, नखं कापावीत, रेबीजची लस चुकवू नये. आणि आपल्या घरातली औषधं त्याला कधीही देऊ नयेत. मीही आयब्रुफेनची गोळी हातात घेतली होती. पशुवैद्यांनी फोनवरच थांबवलं. त्या गोळीने कुत्र्याच्या पोटात अल्सर होतो, मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात.

निवृत्त जोडपी मला विचारतात, सोबतीला पिल्लू आणू का? माझं मत सरळ आहे : मोठं कुत्रं आणा. पिल्लू बारा-तेरा वर्षं जगतं, सुरुवातीला रात्री जागवतं, पायात घुटमळून पाडतं. आठ-दहा वर्षांच्या कुत्र्याचा स्वभाव आधीच कळतो, त्याला सावकाश फेरी पुरते. अर्थात खर्च आहे, औषधं आहेत आणि सहवास थोडा आहे. आपण आजारी पडलो तर त्याला कोण पाहील, हे आधी ठरवूनच त्याला आणावं.

उपासमार होईल अशा रीतीने पाळीव प्राणी सोडून देणं हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक अधिनियमानुसार गुन्हा आहे. पहिल्या गुन्ह्याचा दंड मात्र १० ते ५० रुपये! एवढ्याशा दंडाची भीती कुणाला वाटणार? तेव्हा हे आपल्यालाच रोखावं लागेल. कुत्रं थकलं, तर रस्त्यावर नेण्याआधी एकदा दवाखान्यात न्या. त्याच्या दुखण्यावर कदाचित साधा उपाय असेल.

आमची राणी आता तेरा वर्षांची असावी. फार दिवस उरलेले नाहीत, हे कळतं. पण आता ती कुंथत उठली की मी वय मोजत बसत नाही. दुखतंय कुठे, ते पाहतो.