हरवलेल्या वृद्धांची दवंडी कोण पिटणार?

पुणे-सातारा रस्त्यालगतच्या कामथडीसारख्या गावात सत्तरी ओलांडलेला, स्मरण हरपलेला एखादा शेतकरी पहाटे घराबाहेर पडला आणि न्याहारीच्या वेळेपर्यंत परतला नाही, तर त्याचा शोध घेण्याचे उत्तरदायित्व नेमके कोणाचे? वस्तुस्थिती अशी की, ते त्याच्या सुनेचे आहे. मुलगा शिरवळच्या कारखान्यात नाहीतर पुण्यात नोकरीला. सून वाडीवस्ती पालथी घालते, कोणी भाऊबंद मोबाईलवर छायाचित्र फिरवतो, आणि पोलीस ठाण्याची पायरी चढेपर्यंत दिवस मावळलेला असतो. चोवीस तास थांबल्यावाचून तक्रार घेतली जात नाही, असा लोकांचा समज आहे. असा कोणताही कायदा नाही. पण हा समज दूर करण्याची तसदीही शासनाने घेतलेली नाही.

स्मृतिभ्रंश हा शहरातील सुखवस्तू घरांचा आजार, ही कल्पना आता सोडली पाहिजे. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रव्यापी पाहणीच्या अंदाजानुसार भारतातील साठीपुढच्या सुमारे ८८ लाख माणसांना तो आहे. हे प्रमाण शेकडा ७.४ भरते, आणि ते शहरांपेक्षा खेड्यांत, पुरुषांपेक्षा स्त्रियांत अधिक आहे. खेड्यात त्याला म्हातारचळ म्हणून हसण्यावारी नेतात. ठावठिकाणा सांगणारी घड्याळे बाजारात मिळतात हे खरे. परंतु ज्याच्या हाती क्रयशक्ती त्याचाच बाप सापडावा, ही व्यवस्था समाजवादी विचाराला मान्य होण्यासारखी नाही.

हरवलेल्या बालकाच्या प्रत्येक तक्रारीवर गुन्हा नोंदवावा आणि अपहरण गृहीत धरून तपास करावा, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१३ साली बजावले. प्रौढ माणसाला हे संरक्षण नाही, आणि त्यामागचे तत्त्व सर्वस्वी टाकाऊही नाही. सज्ञान व्यक्तीला घर सोडण्याचा अधिकार आहे. सासरच्या जाचातून निघालेल्या स्त्रीच्या किंवा जातीबाहेर लग्न करणाऱ्या जोडप्याच्या मागे साऱ्या पंचक्रोशीचे मोबाईल लागले, तर तो अनर्थच होईल. म्हणून अशी हाक केवळ आजाराची नोंद झालेल्यांसाठीच असावी. आणि ती नोंद आशा सेविका व प्राथमिक आरोग्य केंद्र यांनी, माणूस हरवण्याआधीच, घरच्यांच्या संमतीने केलेली असावी.

पूर्वी गावात हे काम दवंडी करी. ती पिटण्याचा भार मात्र जातीच्या आधारे एका समाजावर लादलेला होता. १९५८ च्या कायद्याने महार वतने गेली हे योग्यच झाले. पण त्या सार्वजनिक हाकेची जागा घेणारी, कोणाच्या मानहानीवर उभी नसलेली व्यवस्था उभी करायला आपल्याला अर्धशतकाहून अधिक काळ लागला. नाशिक जिल्ह्यात सुरू झालेली आणि पुणे ग्रामीण पोलिसांनीही स्वीकारलेली ग्रामसुरक्षा यंत्रणा ही ती व्यवस्था. नोंदणी केलेल्या ग्रामस्थाने १८०० २७० ३६०० या निःशुल्क क्रमांकावर बोललेला संदेश, त्याच्याच आवाजात, परिसरातील मोबाईलवर फोनच्या रूपाने पोचतो. चोरी, आग, बिबट्या, हरवलेले मूल यांसाठी तिचा उपयोग होतो. विसरभोळा वृद्ध हाही या यादीतील स्वतंत्र विषय ठरावा, एवढाच प्रश्न शिल्लक आहे. त्याला नवे धरण बांधावे लागत नाही! ज्येष्ठांसाठीची १४५६७ ही मदतवाहिनी आहे, पण ती सकाळी ८ ला उघडते; पहाटे निघालेला माणूस तोवर दूर गेलेला असतो.

जपानमध्ये २०२३ साली स्मृतिभ्रंशामुळे हरवल्याच्या १९,०३९ नोंदी पोलिसांकडे झाल्या. तेथे कुशिरो शहरात १९९४ सालीच पोलीस, टॅक्सीचालक, दुकानदार यांना जोडणारे शोधजाळे उभे राहिले. ओमुता शहरात तर नागरिक अशा शोधाची रंगीत तालीम करतात. तालमीत शिकवतात ते हे की, भांबावलेल्या अनोळखी वृद्धाशी हळू बोलावे.

हा शेवटचा धडा आपल्याकडे सर्वांत निकडीचा आहे. मे २०२२ मध्ये मध्य प्रदेशातील नीमच जिल्ह्यात कुटुंबापासून चुकलेल्या, मनाने दुर्बल अशा ६५ वर्षांच्या वृद्धाला नाव आणि ओळखपत्र विचारीत मारहाण झाली आणि त्यात तो मेला. मारहाणीची चित्रफीत मोबाईलवरून फिरली. राईनपाड्यात १ जुलै २०१८ रोजी पाच भटक्या गोसाव्यांचे प्राण अशाच मोबाईलवरच्या अफवेने घेतले होते. ज्याला स्वतःचे नाव सांगता येत नाही, त्याच्याविषयी गावाला अधिकृत हाक ऐकू आली नाही, तर अफवा ती पोकळी भरून काढते.

भोर-वेल्ह्यातील कार्यकर्त्यांनी येत्या ग्रामसभेत दोन गोष्टी विचाराव्यात: गावातील किती मोबाईल या यंत्रणेत नोंदलेले आहेत, आणि गावात असे वृद्ध किती आहेत? एसटीलाही यात गुंफले पाहिजे. ऑगस्ट २०२२ पासून पंचाहत्तरीपुढील प्रवाशांना तिकीट नाही. तेव्हा हरवलेल्या वृद्धाला अखेरचा पाहणारा माणूस पुष्कळदा वाहकच असणार. शिवाय सारोळ्यापुढे नीरेचा पूल ओलांडला की पुणे जिल्हा संपतो, पोलीस बदलतात. कामथडीची हाक त्याच क्षणी शिरवळलाही पोचावी, अशी मागणी भोर आणि खंडाळा या दोन्ही तालुक्यांतील कार्यकर्त्यांनी मिळून दोन्ही पोलीस अधीक्षकांपुढे ठेवावी.