गहाणखत आणि कादंबरी

मरिया एजवर्थ यांची ‘कॅसल रॅकरेंट’ ही कादंबरी १८०० साली प्रसिद्ध झाली. तीत एक आयरिश जमीनदार घराणे उधळेपणा व कोर्टबाजी यांपायी बुडते आणि कारभाऱ्याचा वकील झालेला मुलगा इस्टेट आपल्या हाती घेतो. अशा ऱ्हासाचे खापर व्यक्तिस्वभावावर फोडून थांबणे आम्हांस अपुरे वाटते.

कॉनमारातील बॅलिनाहिंच येथील मार्टिन घराण्याचा वृत्तान्त पाहावा. १८२२ साली पशुरक्षणाचा कायदा पार्लमेंटात संमत करवून घेणारे रिचर्ड मार्टिन १८२७ मध्ये सभासदत्व जाताच फ्रान्सला निघून गेले. कारण कर्जापायी होणाऱ्या अटकेपासूनचे संरक्षणही त्याबरोबरच गेले होते. महादुष्काळात, १८४७ साली, त्यांचे पुत्र थॉमस तापाने निवर्तले. जवळजवळ २,००,००० एकरांची इस्टेट नात मेरीकडे आली, ती गहाणासह. विमा कंपनीचे व्याज ठरलेले होते. खंड मात्र उपाशी कुळांकडून यावयाचा होता. स्वतः कादंबरीकार असलेली मेरी १८५० साली न्यूयॉर्क येथे वारली.

१८४९ च्या कायद्याने कर्जग्रस्त इस्टेटींच्या विक्रीसाठी खास न्यायालय स्थापन झाले. त्यातून खरेदीदारास निर्वेध मालकी आणि धनकोस पैसा मिळण्याची सोय झाली; कुळाला मात्र जमिनीवर टिकून राहण्याची हमी मिळाली नाही.

म्हणून या कादंबऱ्या गहाणखते व लिलावाची कागदपत्रे शेजारी ठेवून वाचाव्यात. ज्यांच्या खंडातून व्याज फिटत होते, त्या कुळांचा शोध दोहोंतही घेणे हे अभ्यासकाचे कर्तव्य होय.