स्त्रियांचें आरोग्य : एका खाड्याचें मोल

‘कावळा शिवला’ हे शब्द आपल्या घरांतून आतां बहुतेक लोपले आहेत. पूर्वीं बाहेर बसणाऱ्या गृहिणीस तीन दिवस कामापासून सुटका मिळे. पण ती विटाळाच्या नांवाखालीं. विटाळ गेला हें उत्तमच झालें. परंतु त्याबरोबर विसावाही गेला, याचा विचार फारसा कोणी केला नाहीं. विसावा अजिबात न मिळणाऱ्या स्त्रीची स्थिति काय होते, हें पाहावयाचें असल्यास भगिनींनीं बीड जिल्ह्याकडे दृष्टि वळवावी.

दिवाळीच्या सुमारास तेथील हजारों कुटुंबें ऊसतोडीस निघतात. नवराबायको मिळून एक ‘कोयता’ मानला जातो, व मुकादमाकडून उचल आधींच घेतलेली असते. एक दिवस काम चुकलें कीं खाडा पडतो आणि त्याचा दंड हिशेबांत चढतो. फडाजवळच्या पालांत ना पुरेसें पाणी, ना आडोसा. नीट न धुतलेलें, न वाळलेलें कापड वापरल्यानें जंतुसंसर्ग होतो, अंगावर पांढरें जातें, ओटीपोट दुखतें. तरी डोक्यावरची मोळी उतरत नाहीं.

असे विकार बहुधा औषधानें बरे होतात. पण औषधाला दिवस लागतात, आणि दिवस म्हणजे खाडा! म्हणून ‘पिशवी काढून टाका’ हा सल्ला सोयीचा वाटूं लागला. २०१९ सालीं सरकारनें नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालीं समिति नेमली. पाहणी झालेल्या ८२,३०९ ऊसतोड स्त्रियांपैकीं १३,८६१ जणींचें गर्भाशय काढलेलें आढळलें. कित्येक तर चाळिशीच्या आंतल्या होत्या. अशा शस्त्रक्रियेंत बीजकोशही काढले, तर पाळी जाण्याचे परिणाम अकालीं ओढवतात. हाडें ठिसूळ होतात व हृदयविकाराचा धोका वाढतो. मोळी मात्र तीच राहते.

बिहार सरकारनें १९९२ पासून आपल्या स्त्री-कर्मचाऱ्यांस या कारणास्तव महिन्याला दोन दिवसांची रजा दिली आहे. पण कचेरींतील रजा फडापर्यंत पोंचत नाहीं. रोजंदारीच्या स्त्रीस हवा आहे तो पगारी विसावा. त्यास ना विटाळ चिकटावा, ना दंड.

फड आपल्यापासून दूर आहे खरा. पण खाडा हा शब्द आपल्याही घरांत आहे. धुणींभांडीं करणारी बाई महिन्यांतून एक दिवस आली नाहीं, तर तिचे पैसे आपण कापतों काय? सुधारणेचा आरंभ तेथूनच करावा.