एकाच रंगाचा नकाशा

निवडणुकीचा निकाल लागला, की वर्तमानपत्रात रंगवलेला नकाशा येतो. माझी नजर आधी आकड्यांकडे जाते. उमेदीची सगळी वर्षं बँकेत गेल्यावर दुसरं काय होणार! असेच वाचण्याजोगे आकडे आहेत इंग्लंडच्या नैर्ऋत्य टोकाच्या कॉर्नवॉल काउंटीचे.

पूर्वेला टेमार नदी, उरलेल्या तिन्ही बाजूंना समुद्र, कथिलाच्या जुन्या खाणी आणि मासेमारी असा हा मुलूख. एके काळी एवढ्याशा भागातून पार्लमेंटात ४४ सभासद जात. मूठभर मतदारांच्या गावांनाही दोन-दोन जागा असत. १८३२ च्या सुधारणा कायद्याने ती चैन संपली.

२००५ मध्ये इथे पाच जागा होत्या. पाचही लिबरल डेमोक्रॅटांनी जिंकल्या. २०१० मध्ये जागा सहा झाल्या आणि हुजूर पक्ष व लिबरल डेमोक्रॅट यांच्यात तीन-तीन अशी वाटणी झाली. २०१५, २०१७ आणि २०१९ या तिन्ही वेळा सहाच्या सहा जागा हुजूर पक्षाकडे गेल्या. २०२४ मध्ये मजूर पक्षाला चार, लिबरल डेमोक्रॅटांना दोन आणि हुजूर पक्षाच्या हाती भोपळा!

अख्खा मुलूख असा एका रात्रीत कूस बदलतो का? तसं नसतं. २०१० मध्ये कँबोर्न-रेडरूथची जागा हुजूर पक्षाने फक्त ६६ मतांनी मिळवली. सेंट आयव्ह्‌जचे अँड्र्यू जॉर्ज १९९७ पासून लिबरल डेमोक्रॅट खासदार. २०१५ मध्ये ते पडले, २०१७ मध्ये ३१२ मतांनी पुन्हा पडले, २०१९ मध्येही पडले आणि २०२४ मध्ये निवडून आले. मधल्या नऊ वर्षांत त्यांचे हजारो मतदार काही गाव सोडून गेले नव्हते. नकाशावर मात्र त्यांचा ठिपकाही नव्हता.

ज्याला सर्वांत जास्त मतं, त्याची जागा, अशी ही रीत. २०२४ मध्ये देशभरात सुमारे ३४ टक्के मतांवर मजूर पक्षाला ६५० पैकी ४११ जागा मिळाल्या. बँकेत आम्हाला पहिल्याच वर्षी शिकवलं होतं, की ट्रायल बॅलन्स जुळला म्हणजे खाती बरोबर असतातच असं नाही. एकाची रक्कम दुसऱ्याच्या खात्यात पडली तरी बेरीज जुळते.

म्हणून ही रीत मोडीत काढा, असं मी म्हणत नाही. पर्यायी मताची पद्धत ब्रिटिश मतदारांनीच २०११ च्या सार्वमतात नाकारली. प्रत्येक भागाला आपला एक हक्काचा माणूस मिळतो, हा या रीतीचा मोठा गुण. आपणही लोकसभेसाठी तीच घेतली. मात्र "सगळी जनता आमच्या पाठीशी आहे" असं विजयी वीर म्हणू लागले, की दुसऱ्या क्रमांकाची मतंही वाचावीत. ती देणारे आपल्याच गल्लीत, कधी आपल्याच घरात राहतात. निवडून आलेला खासदार त्यांचाही असतो, आणि त्यांची कामंही त्यालाच करायची असतात.