पिल्लं वाढवायची नाहीत, वाचवायची!

मैत्रिणींनो, नागपंचमीची कहाणी आपण सगळ्यांनीच ऐकली आहे. नांगराचा फाळ लागतो, नागिणीची पिल्लं मरतात आणि पुढचं सगळं रामायण घडतं. ऐकताना आपण हळहळतो. पण सापाची खरीखुरी अंडी दिसली की काय करतो? एक तर काठी शोधतो, नाहीतर घरातलं पोरगं ती बरणीत भरून ठेवतं!

आमच्या पाचगणीच्या आसपास पावसाआधी शेणखताचा ढीग उपसताना अशी अंडी मिळतात. लांबट, पांढरी, मऊ सालीची. धामणीची असतील, नागाचीही असू शकतात. बचत गटाच्या बैठकीत एकीनं विचारलं, ‘‘ताई, मुलगा म्हणतो पिल्लं काढून पाळूया. काय हरकत आहे?’’ परदेशातली माणसं घरात अजगर पाळतात, त्यांची पिल्लं विकतात, हे मुलं मोबाइलवर बघतात. त्याचा हा परिणाम.

हरकत आहे, आणि मोठी आहे. आपल्याकडचा साप पाळणं हा १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं गुन्हा आहे. परदेशी बॉल पायथन पाळणाऱ्यालासुद्धा २०२४ च्या नियमांप्रमाणे सरकारदरबारी नोंद करावी लागते, पिल्लं झाली तर त्यांचीही. शिवाय नागाचं पिल्लू अंड्यातून बाहेर येतं तेच विष घेऊन. ‘एवढंसं तर आहे’ म्हणून हात लावायला जाऊ नये.

आपण बायका पिल्लू म्हटलं की दुधाची वाटी घेऊन धावतो. पण सापाला दूध पचत नाही आणि त्याच्या पिल्लाला मायेचीही गरज नसते. पहिले काही दिवस पोटातल्या बलकावर निघतात. कात टाकली की ते आपली शिकार आपणच शोधतं. बरणीत मात्र उपाशी मरतं.

मग करायचं काय? अंड्यांना हात लावू नका. ती उलटीपालटी झाली तर आतला जीव दगावू शकतो. वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर फोन करा. जाणकार सर्पमित्र अंडी होती त्याच बाजूनं उचलतात, ओलसर उबेत ठेवतात आणि साधारण दोन महिन्यांनी पिल्लं निघाली की रानात सोडून देतात.

मुलाचं कुतूहल मारू नका. त्याला त्या सर्पमित्राशेजारी उभं करा, लांबून बघू द्या. धामण आपल्या कणगीतल्या धान्यावरचे उंदीर खाते, हे त्याला कळलं की बरणी तो आपणहून रिकामी ठेवेल.