पहिलीच्या नावाचा टाक

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला तिळगूळ हातावर ठेवता ठेवता एका काकूंनी माझ्या कोटावरचे चार केस पाहिले आणि म्हणाल्या, "दुसरा आणलास ना कुत्रा? इतक्यात? म्हणजे मोत्याला विसरलीस की गं!" त्यांच्या मनात वाईट काही नव्हतं, हे मला ठाऊक आहे. पण याच काकूंनी सप्टेंबरात, हॉलमध्ये गणपतीची आरती झाल्यावर, माझे सुजलेले डोळे बघून पाठीवरून हात फिरवला होता आणि म्हटलं होतं, "कुत्रंच तर होतं. इतकं काय मनाला लावून घ्यायचं?" सप्टेंबरात माझं दुःख जास्त झालं होतं. जानेवारीत तेच कमी पडलं. मी काही बोलले नाही, वाण घेतलं आणि घरी निघाले. हा लेख त्या न बोलण्याचा आहे.

गाडीत धाकट्यानं त्यात भर घातली. तो आता नऊ वर्षांचा आहे आणि मागच्या सीटवरून सगळं ऐकत असतो. म्हणाला, "आई, आजोबा गेले तेव्हा तू रडली नाहीस. मग मोत्यासाठी का रडलीस?"

मी रडले होते. त्यानं पाहिलं नव्हतं, इतकंच. 2021च्या त्या कोरोनाच्या उन्हाळ्यात आपल्यापैकी किती घरांत काय झालं, ते वेगळं सांगायला नको. 23 एप्रिलला भारताचं नाव इथल्या, म्हणजे ब्रिटनच्या, प्रवासाच्या लाल यादीत गेलं. जाऊन यायचं म्हणजे परतल्यावर दहा दिवस हॉटेलात कोंडून घ्यायचं, आणि घरात दोन लहान मुलं. मेमध्ये बाबा साताऱ्याच्या एका रुग्णालयात गेले. शेवटी जवळ आपलं म्हणावं असं कोणी नव्हतं. भावाला लांबून दर्शन मिळालं, मला फोनच्या पडद्यावर, तेही मध्येच गोठलेलं. आम्ही सुतक धरलं, पण त्या दिवसांत माझा लॅपटॉप एक दिवस बंद नव्हता. पोरांसमोर चेहरा सरळ ठेवला. रात्री सगळे झोपले की मी मागच्या दारी पायरीवर जाऊन बसायची आणि मोत्या येऊन माझ्या पावलांवर अख्खं अंग टाकायचा. चाटायचा नाही, शेपूट हलवायचा नाही. नुसतं वजन. माझ्या वडिलांचं सुतक माझ्याबरोबर पाळलं ते त्यानं. म्हणून "कुत्रंच तर होतं" हे वाक्य मला सहन होत नाही.

मोत्या आमच्याकडे दोन वर्षांचा असताना आला, प्राण्यांच्या संस्थेतून, काळा, लॅब्राडोरचा संकर. अकरा वर्षं राहिला. या घरात मराठी टिकली त्यात त्याचा वाटा मोठा आहे. मुलं आमच्याशी इंग्रजीत बोलायची, एकमेकांशी तर इंग्रजीतच, पण मोत्याला फक्त मराठी कळायची. 'बस', 'थांब', 'नको म्हटलं ना', 'चल रे बाळा'. मुलीचं पहिलं धड मराठी वाक्य त्यालाच उद्देशून होतं: "मोत्या, माझी पोळी नको खाऊ." रविवारच्या मराठी शाळेत दोन वर्षांत जे झालं नाही ते त्या पोळीनं केलं.

शेवटी त्याची मूत्रपिंडं गेली. दीड महिना आम्ही घरी त्याच्या कातडीखाली सलाईन सोडत होतो. नवरा पिशवी धरायचा, मी सुई टोचायची, मुलगी त्याच्या कानाशी गुणगुणायची. मग एक दिवस त्यानं पाणीही नाकारलं. डॉक्टर घरी आल्या. पुढच्या पायावरचे केस कापले आणि मुलांसमोर बसून सगळं नीट समजावलं. हे भुलीचंच औषध असतं, त्याची मात्रा मोठी असते, आधी झोप लागते आणि मग हृदय थांबतं, डोळे मात्र उघडेच राहतात, घाबरू नका. त्याचं डोकं माझ्या मांडीवर होतं. धाकटा म्हणाला, "बस, मोत्या, बस." दुसरं काय म्हणायचं ते त्याला सुचेना.

आपल्या भाषेत 'कुत्र्याच्या मौतीनं मरणं' म्हणतात. मी त्या रात्री खूप वेळ या शब्दांवर अडकले होते. आमचा कुत्रा चौघांच्या हाताखाली, आपल्या घरात, ओळखीच्या सतरंजीवर गेला. आणि माझे बाबा? हे मी कोणाला बोलून दाखवलं नव्हतं, आज लिहिते आहे. ज्यांच्या घरी तसंच झालं त्यांना हे वाचून त्रास झाला, तर मला माफ करा. पण मोत्याजवळ बसून मी रडले ते एकट्या मोत्यासाठी नव्हतं, आणि माझ्या मुलाच्या प्रश्नाचं खरं उत्तर तेच आहे.

आता दुसऱ्या कुत्र्याचं. लोकांना वाटतं, नवा आला म्हणजे जुन्याची जागा भरली. असं आपल्या घरात कधी होतं का? वृंदावनातली तुळस इथल्या थंडीत दर वर्षी मरते. मार्चमध्ये मी खिडकीत नवं बी टाकते आणि रोपाला दोन पानं आली की दिवा लावते. आदल्या तुळशीला विसरलीस, असं मला अजून कोणी म्हटलेलं नाही. विरजण कालच्या दह्याचंच लागतं, आणि आजचं दही म्हणजे कालचं नव्हे. पण या दोन्हींहून मला माझ्या आजीचा टाक जवळचा वाटतो.

आजी माझ्या आजोबांची दुसरी बायको. पहिली बाळंतपणात गेली. आजीच्या गळ्यात मंगळसूत्राशेजारी एक चांदीचा छोटा टाक असायचा, घासून घासून चेहरा गुळगुळीत झालेला. लहानपणी मी विचारलं तर म्हणाली, "ही थोरली. आधी हिचं घर, मग माझं." पितृपक्षात अविधवा नवमीला ती थोरलीच्या नावानं सवाष्ण जेवू घालायची आणि खणानं ओटी भरायची. स्वयंपाक स्वतः करायची, सुनांना हात लावू द्यायची नाही. जिला तिनं कधी पाहिलंही नव्हतं तिच्यासाठी! या प्रथेत बायकांवर किती ओझं होतं, ते मला समजतं, आणि मी तिचं गुणगान करत नाही. माणसाची आणि कुत्र्याची बरोबरी केली म्हणून कोणाला वाईट वाटलं असेल तर तेही मान्य. पण दुसरं येताना पहिलं गळ्यात घेऊन येता येतं, हे माझ्या आजीनं रोज अंगावर वागवून दाखवलं. मग मोत्याचा पट्टा दाराच्या खुंटीवर असताना त्याच खुंटीवर दुसरा पट्टा अडकवला तर बिघडलं कुठं?

आणि कुत्र्याला आपल्या घरात जागा नव्हती, हे तरी खरं आहे का? दत्तजयंतीला आपण गणपतीच्या त्याच हॉलमध्ये जी तसबीर मांडतो तिच्यात चार कुत्री आहेत. श्राद्धाच्या पानातला एक घास श्वानाचा असतो. महाप्रस्थानात धर्मराजानं स्वर्गाच्या दारात कुत्र्याला सोडायला नकार दिला, ही गोष्ट मुलांना आपणच सांगतो. रायगडावरच्या वाघ्या कुत्र्याच्या पुतळ्याबद्दल इतिहासकारांत वाद आहे. त्या पुतळ्यावरून 2012मध्ये काय झालं ते आठवतं, त्यात मी पडत नाही. पण कुत्र्याचं स्मारक असावं असं कुणाला तरी वाटलं, ते आपल्याच मुलखात.

थोडं कडक बोलते. लॉकडाउनमध्ये आपल्यापैकी कित्येकांनी जाहिरात बघून पिल्लं घेतली, हजार-दोन हजार पौंड मोजून. ऑफिसं सुरू झाल्यावर त्यांतली काही कुठे गेली ते आपण एकमेकांना विचारत नाही. दुकानानं किंवा दलालानं सहा महिन्यांच्या आतली पिल्लं विकायला इंग्लंडमध्ये एप्रिल 2020पासून बंदी आहे, ती उगाच घातलेली नाही. पिल्लाची आई न बघता पैसे देऊ नका. त्याहून बरं म्हणजे संस्थेत जा. या देशात हे काम कालपरवाचं नाही. मेरी टील्बी नावाच्या बाईनं 1860मध्ये लंडनच्या हॉलोवे भागात भटक्या कुत्र्यांसाठी घर उघडलं, तेच पुढे बॅटरसीला गेलं. ब्लू क्रॉस या प्राण्यांच्या संस्थेकडे तर पाळलेला प्राणी गेल्यावर नुसतं ऐकून घेणारी माणसं फोनवर असतात. मी फोन केला होता. पलीकडच्या बाईंनी पहिला प्रश्न विचारला, "त्याचं नाव काय होतं?" आपल्यातल्या कुणीही मला हे विचारलं नव्हतं.

इतकं लिहून थांबले आणि वाटलं, फार बोलले का? आपल्यापैकी अनेकांनी तिकडे भारतात कुत्रं चावल्यावरची पोटातली इंजेक्शनं पाहिली आहेत, घेतलीही आहेत. माझ्या मावशीनं घेतली होती, आणि ती आजही रस्त्यात कुत्रं दिसलं की पलीकडच्या बाजूला जाते. भटक्या कुत्र्याच्या भीतीनं मुलाला शाळेत सोडायला जाणाऱ्या आईला मी काय सांगणार? सगळ्यांनी कुत्री पाळावीत असं माझं म्हणणं नाही. हॉलमध्ये कुत्रं आणू नये, हा नियमही योग्यच आहे. आणि काकू, तुम्ही हे वाचाल तर रागावू नका. गणपतीत पाठीवर हात तुमचाच होता.

तर जाई, आमची दुसरी. ती ग्रेहाउंड आहे, शर्यतीतून निवृत्त झालेली, चार वर्षांची. इथे धावणाऱ्या बहुतेक ग्रेहाउंडांसारखी तीही आयर्लंडमध्ये जन्मली. दोन्ही कानांच्या आत हिरवट शाईनं अक्षरं गोंदलेली आहेत. संस्थेच्या बाई आमच्याकडे येऊन कुंपणाची उंची मोजून गेल्या, मग ती आली. सगळं आयुष्य केनेलमध्ये गेलेलं, त्यामुळे तिला जिना म्हणजे काय ते माहीत नव्हतं, काचेचं दार माहीत नव्हतं, वॉशिंग मशीन फिरू लागलं की थरथरायची. मोत्याच्या सतरंजीवर पहिले तीन दिवस बसली नाही. हुंगायची, वळसा घालायची आणि शेजारच्या उघड्या फरशीवर आडवी व्हायची. चौथ्या दिवशी सकाळी सतरंजीवर होती, पण एका कडेला, अर्धी जागा सोडून.

मराठी अजून तिला येत नाही. धाकटा शिकवतो आहे. जिन्याच्या वरच्या पायरीवर चीजचा तुकडा घेऊन बसतो आणि म्हणतो, "ये गं, ये, भिऊ नको." काल ती चार पायऱ्या चढली. पाचवीवर पाय ठेवला, काढला, आणि त्याच्याकडे बघत उभी राहिली.