‘फक्त दिसण्याचा प्रश्न’ म्हणून मुलांना परत पाठवू नका



छातीचं हाड आत गेलेल्या किंवा कबुतरासारखं पुढे आलेल्या मुलाला डॉक्टरांकडे नेलं, की अनेकदा एकच उत्तर मिळतं : हृदय-फुप्फुसं ठीक आहेत, फक्त दिसण्याचा प्रश्न आहे. पालक निर्धास्त होतात. मूल मात्र आणखी गप्प होतं.

मी माध्यमिक शाळेत खेळ शिकवतो. अशी मुलं मला लांबूनच कळतात. खांदे पुढे पाडून चालणारी, उन्हाळ्यातही दोन बनियन घालणारी, पोहण्याच्या दिवशी हमखास पोट दुखणारी. तालीम नको, नदी नको, उघड्या अंगाने पूजेला बसणंही नको. आपण त्यांना लाजाळू किंवा आळशी ठरवून मोकळे होतो. मुलींचं तर कुणाला कळतही नाही; त्या आईलाही सांगत नाहीत.

खोलगट छाती साधारण तीनशे ते चारशे बाळांमागे एकाला असते, आणि मुलग्यांत कितीतरी अधिक. ऐन वाढीच्या वयात, शरीराकडे सर्वाधिक लक्ष असतं तेव्हाच, ती झपाट्याने वाढते. उत्तर अमेरिकेतल्या अनेक रुग्णालयांनी मिळून केलेल्या २००८ च्या अभ्यासात दिसलं, की मुलाच्या मनाचा त्रास सीटी स्कॅनवरच्या खोलीच्या प्रमाणात नसतो. म्हणजे ‘तुझं फार नाही’ हा दिलासा कुचकामी आहे. किती खोल आहे हे मोजा, जरूर मोजा, धाप लागत असेल तर हृदयाची तपासणीही करा. पण तू काय काय टाळतोस, हेही त्याला विचारा.

लपवण्यात वेळही जातो. पुढे आलेल्या छातीवर पट्ट्याचा उपयोग होतो तो फासळ्या लवचीक असेपर्यंत. प्रत्येकाला शस्त्रक्रिया लागत नाही, पण उपाय आहेत हे मुलाला वेळेत कळायला हवं.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथकं २०१३ पासून अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी करतात. माझी मागणी एवढीच : सातवी ते दहावीच्या मुलांची छाती आडोशाला, एकेकट्याने तपासावी, वर्गासमोर शर्ट काढायला लावून नव्हे. ज्याला सल लागली आहे त्याला शल्यविशारदाबरोबर समुपदेशकाकडेही पाठवावं. पथकात महिला डॉक्टर असतात. मुलींची तपासणी त्यांनीच करावी, आणि आईशी बोलण्याआधी त्या मुलीला विचारावं.

– एक क्रीडाशिक्षक, सातारा